राखेतली आठाची खिडकी

माझ्या बोलण्याला चारानं भागायचं, हा नियम अकोल्यात माझ्या सरांनी केला आणि अमरावतीत माझ्या सासरच्यांनी तो विनातक्रार लागू करून घेतला. नियमाचं मूळ वाघात आहे. मेळघाटात सेमाडोहच्या पुढं आमच्या बसला चार वाघ आडवे आले, त्यातल्या एकानं कंडक्टरकडे बघून जांभई दिली आणि कंडक्टरनं घाबरून त्याचं अर्धं तिकीट फाडलं, एवढीच साधी गोष्ट मी सरांच्या घरी सांगितली होती. सरांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकाला पुसला आणि म्हणाले, "चार वाघाले चारानं भागलं का एक उरते. अन् तो एक बी मले मांजर वाटून राह्यला."

काकू आतून म्हणाल्या, "मांजर तरी होती काय, ते इचारा पैले."

होती. म्हणजे शेपूट तरी होतं. पण ते जाऊ द्या.

पुढं माझ्या आयुष्यात एक असं यंत्र आलं, की जे डोळ्याला न दिसणाऱ्या कणाला लाखो पटींनी मोठं करून दाखवतं, आणि त्याला कोणी भागत नाही. उलट मोठेमोठे लोक पायताण बाहेर काढून त्याच्या खोलीत जातात, आत कुजबुजत बोलतात, आणि ते जे म्हणेल ते छापतात. मी चौपट वाढवलं तर थापाडी, आणि ते लाखो पट वाढवतं तर विज्ञान. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा मला पहिल्या दिवसापासून हेवा वाटला तो असा. आता हेवा उरला नाही. आता नुसती हळहळ वाटते, आणि तिला कशानंही भागलं तरी ती तेवढीच राहते.

सर म्हणजे माझे रसायनशास्त्राचे सर. अकोल्याच्या कॉलेजात त्यांनी मला शिकवलं, पुढं पीएच.डी.लाही तेच मार्गदर्शक. मी नोकरीला आणि लग्नानं अमरावतीला आले, ते निवृत्त होऊन अकोल्यातच राहिले, आणि आमच्यामधला रस्ता मी इतक्या वेळा तुडवला की मूर्तिजापूर स्टेशनवरचा चहावाला माझा चेहरा बघूनच साखर कमी टाकायचा. सरांच्या आयुष्यात दोन गोष्टी होत्या, काकू आणि राख. काकू बिचाऱ्या मधेमधे म्हणत, "मी दुसऱ्या नंबरावर हाय."

राख थर्मलची. विजेसाठी कोळसा जळतो, त्याची राख आमच्या भागात उडते. सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी करडा होऊन यायचा, आणि त्यात माणूस असेल तर तोही. (भागा.) लोक त्या राखेला शिव्या देत, सर तिला डब्यात भरून घरी आणत. तिच्यात सिलिका आहे, अल्युमिना आहे, कॉस्टिक सोड्यात शिजवली की झिओलाइट तयार होतं, हे त्यांचं ध्यासाचं वाक्य.

झिओलाइट आमच्या भागाला नवं नाही. विहिरीला सुरुंग लागला की काळ्या दगडाच्या पोटातून कधी कधी पोकळी निघते आणि तिच्यात पांढरे, गुलाबी, सुपारीएवढे खडे चमकत असतात. ते तापवले की आतलं पाणी निघतं, दगडाला घाम फुटल्यासारखं. सरांची पावडर त्याच घराण्यातली. आतून नुसती भोकं. अणूंच्या चौकटी, चौकटींच्या खिडक्या, खिडक्यांमागे बोगदे आणि बोगद्यांत पाणी. चमचाभर पावडरीच्या आतल्या भिंती उलगडून अंथरल्या तर कबड्डीची कितीतरी मैदानं झाकतील. हे मात्र भागू नका, हे पुस्तकातलं आहे.

तर सरांच्या पावडरीत एक भाडेकरू होता. असं त्यांचंच म्हणणं. एक्स-रेखाली प्रत्येक पदार्थाच्या रेघा ठरलेल्या असतात, बोटांच्या ठशांसारख्या. सरांच्या पावडरीत ओळखीच्या झिओलाइटच्या रेघा होत्या, आणि त्यांच्या मधेमधे काही फिकट, अनोळखी. नागपूरच्या, मुंबईच्या जाणकारांनी सांगितलं, कचरा आहे, धुऊन टाका. सर म्हणाले, "कचऱ्याच्या रेघा दर टायमाले त्याच जागी येत नसतात. या घरात दुसरा कोनीतरी राहून राह्यला." अख्खी नोकरी त्यांनी त्या दुसऱ्याच्या मागे घालवली. तो वाढला, पण कधी एकटा सापडला नाही.

त्या फिकट रेघांवरून सरांनी त्याचं घर नुसत्या डोक्यानं रचलं. रचलं म्हणजे खरंच रचलं. भिजवलेले हरभरे आणि खराट्याच्या काड्या घेऊन. हरभरा भिजलेला असताना काडी आत जाते, आणि वाळला की ती गच्च धरून ठेवतो. मधून मोठा बोगदा, बोगद्याच्या कडेला खिडक्या, एकेका खिडकीला आठ हरभरे. सर तिला आठाची खिडकी म्हणत. आणि प्रत्येक खिडकीच्या ऐन मधोमध, दोऱ्यानं टांगलेली एक लाल गुंज. ती सोडियम. एका पावसाळ्यात उंदरांनी ती सबंध रचना खाल्ली. मी कॉलेजात सांगितलं की ते उंदीर नंतर अकोल्यात रसायनशास्त्राचे क्लास घेत होते. सरांनी मात्र दुसऱ्याच दिवशी हरभरे भिजत घातले.

मी ते मॉडेल पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, "सर, याच्यापुढं ताजमहाल झोपडी हाय."

सर म्हणाले, "भाग."

मी नेहमी असंच बोलत आले. लोक त्यांच्या कामाला कचरा म्हणत म्हणून मी सोनं म्हणायचे, दुप्पट जोरानं. त्यात प्रेम होतं. पण प्रेमालाही सर चारानं भागत, हे मला तेव्हा दिसत असून कळलं नाही.

सिद्ध मात्र काही होत नव्हतं. एक्स-रेनं रचना काढायची तर निदान साखरेच्या बारीक दाण्याएवढा स्फटिक लागायचा, आणि सरांचे कण असे की हळदीचा कण त्यांच्या शेजारी मेळघाटचा डोंगर. वर ते दुसऱ्या झिओलाइटमध्ये मिसळलेले. मग नवी पद्धत आली. इलेक्ट्रॉनचा झोत एका कणावर सोडायचा, एकाच. तो कण हळूहळू कलवत न्यायचा. प्रत्येक कलात पडद्यावर ठिपक्यांची एक रांगोळी उमटते. त्या सगळ्या रांगोळ्या गोळा करायच्या आणि गणितानं मागे मागे जायचं, कोणता अणू कुठं बसलाय तिथपर्यंत. एक कण पुरतो. म्हणजे भाडेकरूला गर्दीतून कॉलर धरून बाहेर काढता येणार. दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत ते यंत्र होतं. मी अर्ज केला, नंबर लागला.

आणि नेमकं त्याच सुमारास सरांच्या नजरेत मधोमध भोक पडलं. डावा डोळा आधीच गेलेला, आता उजव्याचा पडदा मधून विरत चालला होता. डॉक्टर म्हणाले, कडेकडेचं राहील काही दिवस, मधलं जाणार, किती दिवसांत ते सांगता येत नाही. सर जिकडे बघायला जात तेच नाहीसं व्हायचं आणि शेजारचं दिसायचं. काकू म्हणाल्या, "आधी तोंडाकडे पाहून आयकत नव्हते, आता कानाकडे पाहून आयकत नाई. मले काई फरक नाई पडला." मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

सर मला म्हणाले, "पोरी, मले ते भोक एकदा माह्या डोयानं पाह्यचं हाय. आठाची खिडकी. कागदावर, कंप्युटरवर, कशावर बी. मंग डोये गेले तरी माही तक्रार नाई."

एवढंच हवं होतं त्यांना. वेळ होता. तेव्हा खरंच वेळ होता.

आता गच्चीबद्दल सांगायला हवं. कॉलेजची भट्टी कधीतरी बिघडली ती बिघडलीच. सर पावडर घरी आणू लागले, आणि काकूंनी मे महिन्यात कुरड्या घातल्या की त्यांच्या शेजारी, जुन्या पातळाखाली, परातीत पावडरही वाळायची. अकोल्याच्या गच्चीवर मे महिन्यात सावलीसुद्धा खाली कूलरसमोर येऊन बसते, त्यामुळे वाळायचं काम मस्त व्हायचं. पुढं तीच पद्धत पडली. फिकट रेघा गच्चीवरच्या पावडरीतच दिसायच्या, पण त्याचं श्रेय आम्ही आमच्या शिजवण्याला दिलं होतं, वाळवण्याकडे कोणी बघितलं नव्हतं.

दक्षिणेत न्यायची पावडर तयार करायची वेळ आली तेव्हा सर जरा घुटमळले.

"तठी सांगशीन काय, का कुरड्यासंग वायवलं म्हनून?"

"कायले सांगू? त्यायनं इचारलं तं?"

"तेच म्हनतो. लोक हसतीन. म्हनतीन, वऱ्हाडातले अडानी, गच्चीवर पापड अन् पावडर संगंच वायवते. तुह्या कॉलेजात नवीन व्हॅक्यूमची भट्टी आली म्हने ना? तिच्यात वायव. एकदम पद्धतशीर."

मला ते लगेच पटलं. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की रोजची जर्मलची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, ताटं पलंगाखाली जातात आणि कपाटातली काचेची बाहेर येतात. मग पाहुणा त्या निसटत्या ताटात नीट जेवत नाही, आणि घरचे तर बिचकून जेवतच नाहीत. आम्ही पावडरीचं हेच केलं. अमरावतीच्या भट्टीत, व्हॅक्यूममध्ये, पुस्तकात दिलेल्या तापमानाला, रीतसर वाळवली. कुपीवर छापील लेबल लावलं. सरांनी ती कुपी बाजूनं, तिरपं बघत हातात धरली आणि म्हणाले, "आता कशी पोरगी दाखवाले चालल्यावानी दिसते."

त्या संस्थेतली शास्त्रज्ञ माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, शांत बाई होती. इंग्रजीत बोलायची, तेही मोजून. मी तिला दोन तासांत वऱ्हाडाचा इतिहास, भूगोल आणि वाघ सांगून टाकले. तिनं कण शोधला, झोत सोडला. आम्ही पडद्याकडे बघत राहिलो. रांगोळी उमटली नाही. नुसती धुरकट वलयं, जणू ओल्या बोटानं कोणी पाटी पुसली. दुसरा कण, तिसरा कण. ओळखीचं झिओलाइट अधूनमधून ठिपके द्यायचं. भाडेकरूच्या जागी सगळीकडे धूर.

ती म्हणाली, रचना कोसळलेली आहे. वाळवलं कसं?

मी छाती काढून सांगितलं. व्हॅक्यूम, तापमान, सगळं.

नेहमी असंच वाळवता?

मी गप्प झाले. मला ओळखणाऱ्या कोणी हे वाक्य वाचलं तर ते याला शंभरानं भागतील, पण मी खरंच गप्प झाले. मग म्हणाले, नाही, नेहमी उघड्यावर, उन्हात, कापडाखाली.

मग त्यातलंच का नाही आणलं, तिनं विचारलं. हसली नाही. तिला खरोखर कळत नव्हतं, आणि त्या न कळण्यानं मला जास्त लाजवलं.

तिनं समजावलं ते असं. काही झिओलाइटची घरं इतकी नाजूक असतात की बोगद्यातलं पाणीच भिंतींना आतून टेकू देऊन असतं. गच्चीवर वरचं पाणी उडतं, आतलं राहतं. भट्टीनं सगळं ओढून काढलं आणि घर बसलं. नुसतं वाळवण नेलं असतं तर काम झालं असतं. आम्ही त्याला पाहुण्यांसमोर न्यायचं म्हणून नटवलं, आणि नटवता नटवता मारलं.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "काय दिसलं?"

"धुकं, सर."

"चारानं भागू?"

"नोका भागू."

सरांनी तिकडं कूलर बंद केला. मग म्हणाले, "भट्टीचं मीच म्हनलं होतं." मी म्हणाले, "मी बी हो म्हनलं."

यंत्राची पुढची वेळ मिळता मिळता वर्ष गेलं. मधे यंत्रच बिघडलं, त्याचा एक भाग परदेशातून यायचा होता, रांगेत आमच्यापुढं मोठी मोठी नावं होती. त्या वर्षात मी दर पंधरवड्याला बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला जायचे आणि सरांचे डोळे व्हायचे. पेपर वाचून दाखवायचे, बाहेरचं सांगायचे. चांदूर बाजारला संत्री यंदा फुटबॉलएवढी आली म्हटलं की सर म्हणत, "म्हंजे लिंबं." नांदगाव पेठेत कारखान्याच्या दारात मैलभर गर्दी होती म्हटलं की म्हणत, "पानठेल्यावर चारजन होते." आम्ही हसायचो. पण दर खेपेला ते माझ्याकडे बघायला आणखी मान वळवत. हिवाळ्यात कानाकडे बघत होते, उन्हाळ्यापर्यंत खांद्याकडे. मग एकदा मी दारातून आत आले आणि काही बोलायच्या आधी ते म्हणाले, "कोन हाय?"

मे महिन्यात काकूंनी कुरड्या घातल्या, शेजारी परात ठेवली, पातळ टाकलं. मला म्हणाल्या, "या टायमाले लपवू नोको माय. अन् त्या बाईले ह्या कुरड्या बी देजो. तयून खाय म्हना."

दुसऱ्या खेपेला मी सगळं सांगितलं. गच्ची, पातळ, कुरड्या. शास्त्रज्ञ बाईनं ते लिहूनसुद्धा घेतलं. मग तिनं पावडर आधी द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवली, म्हणजे यंत्राच्या निर्वातातही आतलं पाणी जागचं हलू नये. आणि झोत अगदी मंद ठेवला. कारण ही जात अशी की तुम्ही जितकं बघाल तितकी ती मोडते. इलेक्ट्रॉन दाखवतात आणि दाखवता दाखवता अणूंना धक्के मारून हलवतात. कण बघता बघता मरतो. म्हणून हळू, पुसट, थोडंच बघायचं आणि वेळेवर डोळा काढून घ्यायचा. मला हे मुळीच जमलं नसतं.

ठिपके आले. काळ्या पडद्यावर पांढरे, टोकदार, ओळीनं. कण कलत गेला तशी एक रांगोळी विरून दुसरी उमटत गेली. मी तिथं रडले. किती ते सांगत नाही, तुम्ही भागाल.

पुढं गणिताला काही आठवडे लागले. मग तिनं मला रचना पाठवली, आणि सोबत त्या कणाचं थेट घेतलेलं चित्र. मोठा बोगदा, कडेला खिडक्या, एकेका खिडकीला आठ. मी सरांच्या हरभऱ्यांचा फोटो शेजारी ठेवला. हरभरा न् हरभरा जुळत होता. फरक फक्त एक. सरांनी खिडकीच्या ऐन मधे टांगलेलं सोडियम तिथं नव्हतं. ते एका बाजूला सरकून भिंतीला टेकलं होतं. तिनं तसं मुद्दाम लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि मनातून सोडून दिलं. एवढ्याशा गोष्टीसाठी सरांचे गुण कापायला मला जिवावर आलं होतं. मला त्यांना शंभरपैकी शंभर न्यायचे होते.

चित्र मोठं करायला अमरावतीत फ्लेक्सच्या दुकानात गेले. पलंगपोसाएवढं छापा म्हटलं. दुकानदारानं पडद्यावर बघितलं आणि विचारलं, "बड्डे कोनाचा हाय मॅडम?"

"भोकांचा."

"लय फिकं हाय पन हे. करड्यावर करडं. डार्क करून देऊ काय? उठून दिसंन."

आणि मी, जिनं आयुष्यात मांजरीचे चार वाघ केले ती, म्हणाले, "नको. जसं आहे तसंच ठेवा." हे विज्ञान आहे, ह्याला हात लावायचा नाही, असा काहीतरी भपका माझ्या डोक्यात शिरला होता. रंग गडद करण्यात काही खोटं नव्हतं, सगळेच करतात. पण एकदाच मी वाढवलं नाही, आणि त्याच दिवशी वाढवायला हवं होतं.

सरांच्या बैठकीत काकूंनी आणि मी तो फ्लेक्स भिंतीला धरला. सर खुर्ची ओढून जवळ आले. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, वर केली, नाक जवळजवळ टेकवलं. कूलरच्या वाऱ्यानं फ्लेक्स फडफडत होता.

"मले त थर्मलची राखच दिसून राह्यली," सर म्हणाले.

काकूंनी खालची बाजू सोडली आणि आत निघून गेल्या.

"गेल्या साली आनलं असतं त दिसलं असतं," सर म्हणाले. मला नाही, फ्लेक्सला म्हणाले. मग खुर्चीत मागे टेकले. "बरं. तू सांग. तुले दिसलं ना?"

मी सांगितलं. "सर, पूर्न बरोबर निघालं. बोगदा, खिडकी, सगडं. हरभरा न् हरभरा."

"चारानं भागलं म्हंजे पाव बरोबर."

"सर, आज नोका भागू. पाया पडते."

"अवं, तू वीस वर्स मले हेच सांगून राह्यली. ताजमहाल म्हने. तवा काय दिसलं होतं तुले? काई नाई. तवाही एवढंच खरं सांगत होती."

मी घाईघाईनं शास्त्रज्ञ बाईला फोन लावला, आवाज मोठा केला. तिनं आपल्या मोजक्या इंग्रजीत सांगितलं की रचना तुमच्या मॉडेलशी फार चांगली जुळते. सरांनी तिचे आभार मानले, तितक्याच चांगल्या इंग्रजीत. फोन बंद झाल्यावर म्हणाले, "कुरड्या खाल्ल्या तिनं. मिठाले जागून राह्यली बिचारी."

"अवो, ते पोरगी खरं सांगून राह्यली," काकू दारातून म्हणाल्या.

"तिले मले खुश करायचं हाय. दोघीयलेही. तुमाले तिघीयले." सर हसले, पण ते हसू नीट बसलं नाही. मग एकदम, परीक्षेत विचारायचे तशा आवाजात म्हणाले, "चुकलं काय, ते सांग. काईतरी चुकलं असंनच. काईच चुकलं नाई म्हनशीन त मले समजते, का तू पाह्यलंच नाई."

मी म्हणाले, "ते सोडियम."

"काय सोडियम?"

"खिडकीच्या मधात नाई. बाजूले हाय. भितीले टेकून."

सर सरळ बसले. "कोन्या बाजूले?"

मी सांगितलं. त्यांनी हात पुढं केला, काकूंनी कपाटावरून मॉडेल काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. हरभरे जुने, किडलेले, काही ठिकाणी नुसतं टरफल. सरांची बोटं बोगद्याच्या कडेनं फिरली, खिडकी सापडली, आठ मोजले, आत टांगलेली गुंज सापडली. त्यांनी ती दोन बोटांत धरून हळूच बाजूला नेली आणि हरभऱ्यांना टेकवली.

"इथी?"

"जराशी वर. हो. तिथी."

"बरोबर हाय," ते म्हणाले. "सोडियम लहान पडते न त्या खिडकीले. मधात लटकून राहीन कसं? कोनत्यातरी भितीवर जाईनच. हे त बी.एस्सी.च्या पोट्ट्यालेही समजलं असतं." गुंज त्यांनी तिथंच धरून ठेवली होती. "म्हंजे तू पाह्यलं. म्हंजे बाकीचं खरं हाय."

मी हो म्हणाले. या वेळी त्यांनी भागलं नाही.

मला वाटलं आता ते हसतील, काकूंना चहा टाकायला सांगतील. ते तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "कोनी कचरा म्हने. तू सोनं म्हने. अख्खी नौकरी गेली, पन हे थोडसं बाजूले सरकवा असं कोनी म्हनलं नाई. मी तठी मधात टांगून बसलो, अन् कोनी जवय येऊन पाह्यलं नाई."

मी त्या मॉडेलसमोर कितीतरी तास बसले होते. उंदरांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. ती गुंज मधे कशी राहील, हा प्रश्न मला पडायला हवा होता, रसायनशास्त्र शिकले होते, त्यांनीच शिकवलं होतं. पण मी कौतुक करत होते. कौतुक लांबूनच करता येतं, आणि ते यंत्रासारखंच असतं, जास्त झालं की समोरचं मोडतं.

यंदा मे महिन्यात काकूंनी त्या फ्लेक्सवर कुरड्या घातल्या. चांगला जाड होता, वाया कशाला घालवायचा. सर संध्याकाळी भिंतीला धरून गच्चीवर येतात, पायानं कड चाचपतात आणि विचारतात, "भोकायवर घातल्या काय?" काकू म्हणतात, "भोकायवरच घातल्या, तुमी पाय नोका देऊ." शेजारी पातळाखाली परात असते. ती आता कशासाठी असते हे कोणी विचारत नाही.

गुंज दोरा कापून भिंतीला चिकटवून टाकली आहे. मी गेले की सर मॉडेल मांडीवर घेतात आणि म्हणतात, "सांग, अजून काय चुकलं?" मान माझ्या दिशेला असते, थोडी वळलेली. ते खरोखर वाट बघत असतात. कोणीतरी जवळ येऊन वाद घालावा, एखादा हरभरा खाली-वर करायला सांगावा, एवढंच त्यांना पाहिजे असतं.

मी शास्त्रज्ञ बाईनं पाठवलेली रचना पुन्हा पुन्हा तपासली आहे. दुसरी चूक नाही. एखादी बनवून सांगायला मला कितीसा वेळ लागणार, जन्मभर दुसरं केलंय काय. पण तोंड उघडते आणि ही एक थाप काही केल्या निघत नाही.

"काई नाई, सर," मी म्हणते. "बाकीचं सगडं बरोबर हाय."

ते मान हलवतात, आणि मला दिसतं, की मनात पुन्हा चारानं भागायला लागले.